आईवडील फॉरेनला गेलेत

भैरहवा, नेपाळ
१९ नोव्हेंबर २०१५, गुरुवार

तुला फोन कापवला तरी कसा? नंबर परदेशातला दिसतो म्हून पोरगं उचलत नसंल, असं मी पहिल्या दोन बारीला धरून चालले. मग टूरवाल्या सखारामनं बॉर्डरच्या अल्याड सोनौलीला जाऊन त्याच्या फोनवरून लावला. तो उचललास. सगळं ऐकून घेतलंस आन् म्हणलास, "बघतो, आत्ता जरा गडबडीत हाय." बाप दवाखान्यात पडलाय म्हणल्यावर कुणी बघतो म्हणतं व्हय?

इंद्रजीत, जय भीम. तू हल्ली नमस्कार म्हणतोस, पण पत्र माझं हाय, मी माझंच म्हणणार.

सखाराम म्हणला, मावशी, कागदावर लिहून द्या, मी सोनौलीत जाऊन फोटो काढतो आन् त्याच्या मोबाइलवर धाडतो. वाचलं की निळ्या खुणा होतेत, मग त्याला वाचलं नाय म्हणता येत नाय. म्हून लिहिते. साक्षरतेच्या वर्गातलं अक्षर हाय. वेलांट्या चुकल्या तर तुझ्या बायकोला, रूपाला हसू दे, पण शेवटपर्यंत वाच.

कुशीनगरपर्यंत सगळं बरं झालं. सोनौलीला बस उभी राहिली ती राहिलीच. पल्याड नेपाळात डिझेल नाय, पेट्रोल नाय, चुलीला गॅस नाय. आपल्या देशाचं आन् त्यांचं बिनसलंय, मालाचे ट्रक रांगा लावून उभे हायेत. कशावरून बिनसलं ते चहावाला एक सांगतो, रिक्षावाला दुसरं. ड्रायव्हर म्हणला, आत गेलो आन् तेल संपलं तर तिथंच बसावं लागंल, मी गाडी नेत नाय. सखाराम म्हणला, पायी ओलांडू, पुढं मिळंल त्या गाडीनं लुंबिनी गाठू. ही भानगड काय काल उपजली नव्हती. निघायच्या आधी टीव्हीवर रोज दाखवत होते. मी तुला विचारलं होतं, तिकडं भांडणं चालू हायेत, पुढल्या साली गेलं तर चालत नाय का? तू म्हणलास, टुरिस्टला कुणी हात लावत नाय, आन् तिकिटं काढलीत आता.

तुझ्या बापाचे कॅन तुला माहीत हायेत. तेलाचे पिवळे, दोरीनं एकमेकाला बांधलेले, एक पुढं, एक मागं, दोरी खांद्यावर. देवगावची विहीर आटली तेव्हापासून ती दोरी त्याच्या खांद्यावरून उतरली नाय. औरंगाबादेत मुकुंदवाडीला आलो तरी तेच. नळाची वाट बघत बसायचं नाय, जिथं पाणी दिसंल तिथं भरून घ्यायचं. टूरला ते सोंग नेऊ नका म्हून मी भांडले. म्हणला, परक्या मुलखात पाणी कोण देतं? कुशीनगरला विहाराच्या नळावर दोन्ही काठोकाठ भरून घेतले.

बॉर्डरवर बघते तर निम्मी दुनिया कॅन घेऊन चाललेली. सायकलीला कॅन, डोक्यावर कॅन, बायांच्या पिशव्यांत बाटल्या. मला वाटलं, इथं बी आपल्यासारखाच दुष्काळ दिसतोय. म्हातारा बी म्हणला, बघ, मी काय येडा नाय. ते सगळं पेट्रोल होतं. आपल्याकडून चोरून नेत होते.

कमान ओलांडून थोडं पुढं गेलो तर काही गडी लोकांचे कॅन हिसकून घेत होते. अंगावर खाकी नव्हती. कुणाची माणसं, कुणासाठी घेत होते, ते मला आजून कळलं नाय. एकानं म्हाताऱ्याला आडवलं. म्हातारा म्हणला, "पानी है, पानी." आता तिथं पेट्रोल नेणारा हरेक माणूस पाणीच म्हणतो. त्या गड्यानं दोरी ओढली. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवली. भरलेला कॅन तुझा बाप कुणाच्या हातात देत नाय, सख्ख्या भावाला दिला नाय, तर त्याला काय देतो. ओढाओढीत दोरीसकट फिरला, मोरीच्या कठड्यावर डोकं आपटलं आन् खाली नालीत गेला.

मग त्या गड्यानं टोपण काढून वास घेतला. बोट बुडवून जिभेला लावलं. पाणीच होतं. तो तसाच उभा राहिला आन् मला विचारतो, "अम्मा, यहाँ पानी काहे ढो रहे हो?" बघते तर समोर हापसा, त्याच्या पुढं आणखी एक हापसा, रस्त्याच्या दोन्ही अंगाला डबकी भरलेली, म्हशी बसलेल्या. मी तशीच नालीत उतरले आन् म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं.

त्याच गड्यानं सायकलच्या ठेल्यावर घालून म्हाताऱ्याला दवाखान्यात आणलं. ॲम्ब्युलन्स होती, तिच्यात तेल नव्हतं.

आता नीट वाच. डोक्यात रक्त साकळलंय. इथं ते ऑपरेशन होत नाय, गोरखपूरला न्या म्हणतेत. गोरखपूरची गाडी आपल्याकडचं तेल भरून इथवर येऊ शकती. पण तिथला दवाखाना म्हणतो, डोकं उघडायचं तर घरचा जाणता माणूस सहीला पाहिजे, नुसत्या म्हातारीच्या भरवशावर आम्ही घेत नाय. सखारामला बसभर म्हातारी माणसं सांभाळायची हायेत, तो त्यांना घेऊन उद्या पुढं जाईल. माझ्यासंगं शेजारची सरूबाई थांबली हाय. तिची लुंबिनी बी बुडाली.

म्हातारा कधी शुद्धीत असतो, कधी नसतो. शुद्धीत आला की विचारतो, इंद्रजीत निघाला का. मी व्हय म्हणते. ते खरं करणं तुझ्याकडं हाय. आजच्या गाडीत बस.

तुझी आई,
कडूबाई

भैरहवा
२१ नोव्हेंबर २०१५, शनिवार

निळ्या खुणा झाल्या. सखारामनं जायच्या आधी मला दाखवल्या. म्हंजे वाचलंस, आन् वाचून हे उत्तर धाडलंस, की आई, टेन्शन घेऊ नको, रविवार झाला की अजिनाथला पाठवतो. बाप तुझा आन् पाठवणार मेव्हण्याला. टेन्शन घ्यायला मला सवड नाय, इथं भांडं लावणं आन् कूस बदलणं मीच करते.

रविवारी काय हाय ते मला माहीत हाय. परवाच्या पत्रात मी रविवारचा विषय काढला नाय, तो मुद्दाम. म्हणलं, आईला काही ठाऊक नाय असं वाटलं तर पोराला यायला सोपं जाईल. तू त्याचा बी फायदा घेतलास.

रविवारी पुंडलिकनगरातल्या फ्लॅटची वास्तुशांती हाय, राहायला जाऊन वर्ष झाल्यावर. सरूबाईची सून त्याच बिल्डिंगीत धुणंभांडी करती, हे तू विसरलास. भटजी ठरलाय, साहेब लोक येणार हायेत, सोसायटीचा चेअरमन येणार हाय. आम्ही टूरला निघायच्या आधीच मला कळलं होतं. तिकिटं कशाला काढली ते बी कळलं होतं. आपली माणसं बुद्धगयेला जातेत, लुंबिनीला जातेत, त्यात कुणाला शंका येत नाय. भांडणाचा मुलूख असला तरी चालंल, पण त्या दिवशी मुकुंदवाडीतून पुंडलिकनगरात दोन म्हातारी जय भीम करत यायला नको.

म्हाताऱ्याला मी बोलले नाय. त्याला लई आनंद झाला होता. बसमध्ये दर माणसाला सांगायचा, पोरानं फॉरेनला धाडलं. सरूबाईला तर इतक्या बारी सांगितलं की ती म्हणली, भाऊ, आता मला पाठ झालं.

तुझ्या दाराला पितळेची पाटी लावली त्या दिवशी आम्ही आलो होतो. म्हाताऱ्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं आन् म्हणला, हिवराळ्याचं नाव पितळेत आलं. त्याला वाचता येत नाय. मला येतं. पाटीवर देवगावकर लिहिलं होतं. मी म्हणलं, व्हय, लई चांगलं दिसतं. पोरीचं नाव बी शाळेत देवगावकरच घातलंस. आडनाव बदलून माणसाला फ्लॅट मिळत असंल, चांगली वागणूक मिळत असंल, तर बदलावं. मी काय त्याचं लोणचं घालू? पण बाप बदलता येत नाय.

आणखी एक. मागच्या उन्हाळ्यात म्हातारा तुझ्या बिल्डिंगीतून पाणी आणायचा. एक दिवस रिकामे कॅन घेऊन आला. म्हणला, तिथला बोअर आटला. मग कधी गेला नाय. त्यापेक्षा लांब, रेल्वे पटरीच्या पल्याड जायचा. सरूबाईच्या सुनंला विचारलं तर बोअर आटलाबिटला नव्हता. वॉचमननं म्हाताऱ्याला फाटकात आडवून तुला वरून बोलावलं, तेव्हा तू म्हणलास, गावाकडचा माणूस हाय, आमच्या शेतात कामाला होता, भरू द्या त्याला. म्हाताऱ्यासमोर म्हणलास. त्यानं पाणी भरलं नाय. आन् घरी येऊन मला बोअर आटला म्हणला. मी बी त्याला मग काही विचारलं नाय.

हे तुला बोल लावायला लिहीत नाय. तुला कळावं म्हून लिहिते, की त्याला माहीत असून तो तुझी वाट बघतो.

काल त्यानं मला सरूबाई समजून हाक मारली. डावा हात हलत नाय. तो दोरी ओढणारा रोज येतो. भात आणतो, हापशाचं पाणी आणतो. मी त्याला रोज शिव्या देते, त्याला मराठी कळत नाय तरी मान खाली घालून ऐकतो. माझं पोरगं कधी येणार ते त्यानं बी विचारलं. मी सांगितलं, निघालाय.

आता माझं ऐक. उद्या पाटावर बसू नको, गाडीत बस. विमान असंल तर विमानानं ये. लोकांना काय सांगायचं ते सांग, हापिसाचं काम निघालं म्हण. मी तुझ्या पाटीबद्दल, भटजीबद्दल कधी एक शब्द काढणार नाय. तुझ्या दारात पाऊल टाकणार नाय. तू माझं नाव काढलं नाय तरी हरकत नाय. म्हाताऱ्याला गोरखपूरला ने. मग तुझं तू, माझं मी.

हे पत्र दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या मोबाइलवरून येईल. त्या सोनौलीच्या अंगाला राहतेत, आपलं कार्ड वापरतेत.

कडूबाई

गोरखपूर स्टेशन
२४ नोव्हेंबर २०१५, मंगळवार

अजिनाथला माझ्याशी गोड बोलायला शिकवून धाडलं होतंस. पोरगं चांगलं हाय, त्याला ते जमलं नाय. आला तेव्हा राख गार झाली होती.

तुझा बाप रविवारी सकाळी गेला. कुणाला हाक मारली नाय, काही सांगितलं नाय. मी त्याचं तोंड पुसत होते, पुसून झालं आन् बघते तर संपलं होतं. सरूबाईनं हंबरडा फोडला. मी तिला म्हणलं, गप बस, बाकीचे आजारी झोपलेत.

मयत औरंगाबादेला न्यायची म्हणलं तर कशात न्यायची? तिकडं गाडीला तेल नाय, इकडून गाडी घेऊन येणारं कुणी नाय. दवाखान्यात ठेवायला बर्फ नाय. लाकडं बी मिळंनात, कारण गॅस नसल्यामुळं सगळं गाव लाकडावर रांधतंय. मी सरूबाईला म्हणलं, म्हाताऱ्याला असाच उचलून बॉर्डरवर नेऊन ठेवू, दोन्ही देशांनी बघत बसावं. मग तो दोरीवाला आला. त्यानं कुठून कुठून लाकडं गोळा केली. त्यात एक बाजेचा पाय होता, रंग दिलेला. घरचीच बाज मोडली असंल. लाकडं ओली होती, धरंनात. त्यानं सायकलीला लटकवलेली बाटली काढून ओतली. बाटलीत काय हाय ते मी विचारलं नाय. वासावरून कळलं.

अग्नी मी दिला. बाईनं द्यावा का नाय, हे विचारणारं तिथं कुणी नव्हतं. त्रिसरण मी म्हणलं, पंचशील म्हणताना सरूबाई मधीच अडली, तेवढं मी पुरं केलं. दोरीवाला लांब उभा होता. सगळं झाल्यावर जवळ येऊन म्हणला, "अम्मा, हमको कुछ बोलिए." मी म्हणलं, जो दोरी ओढतो त्याला दोरी पकडणारा दिसतो तरी. त्याला कळलं नाय. कळावं असं बी मला वाटलं नाय. तो म्हणला, सायकलीवर लुंबिनीला घेऊन जातो, जवळ हाय. मी नको म्हणलं. बघायचं होतं ते म्हाताऱ्याला, मला नाय.

अजिनाथ सोमवारी रात्री पोचला. मी त्याला समोर बसवलं आन् विचारलं, रविवारी सकाळी काय चाललं होतं? आधी आढेवेढे घेतले. मग रडायला लागला. म्हणला, आत्या, दाजी पाटावर बसले होते. नर्सबाईंचा फोन आला तेव्हा मोबाइल रूपाजवळ होता. तिनं ऐकलं, दाजींच्या कानात सांगितलं. भटजीनं पाणी सोडा म्हणलं, त्यांनी सोडलं. मग जेवणं झाली. चेअरमननं विचारलं, तुमचे आईवडील दिसत नाय कुठं? दाजी म्हणले, आईवडील फॉरेनला गेलेत, टूरला. लोक म्हणले, वा, नशीबवान हायेत.

हे अजिनाथनं सांगितलं. मी त्याला पाणी पाजलं आन् पोळी खायला लावली. त्याच्यावर राग नाय माझा. तुझ्यावर बी राग करायला मला बळ नाय सध्या. राख पिशवीत हाय, पिशवी मांडीवर हाय, गाडी लेट हाय. स्टेशनात नळ चालू हाय, कुणी बंद करंना. मी दोनदा उठून बंद केला.

हे पत्र अजिनाथच्या हाती देते. त्याच्या फोनवरून फोटो धाडायचा नाय. कागद हातात घेऊन वाच.

कडूबाई

मुकुंदवाडी, औरंगाबाद
३ डिसेंबर २०१५, गुरुवार

पेपरात बापाचा फोटो छापलास तो कुठनं कापलास ते मला दिसलं. सरूबाईच्या पोराच्या लग्नातला हाय, शेजारी मी उभी होते, माझा खांदा आलाय फोटोत. खांद्याचं राहू दे. फोटोखाली काय छापलंस ते सांगते. "कै. मुंजाबा देवगावकर, तीर्थयात्रेदरम्यान हृदयविकाराने निधन."

आपल्यात माणूस गेला की कालकथित लिहितेत. कैलासावर जायला तुझा बाप काय देवळात घंटा वाजवत बसला नव्हता. गावात मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं म्हून याच माणसानं मार खाल्ला होता, आन् सन छप्पन्नला आपल्या बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला जाऊन आला होता. हयातभर कुणापुढं वाकला नाय. त्याला तू एका ओळीत तिकडचा करून टाकलास. आन् देवगावकर हा माणूस कोण? मी त्या नावाच्या माणसाबरोबर संसार केला नाय. हृदयविकार तर त्याला नव्हताच. हृदय शेवटपर्यंत चाललं, डोकं फुटलं होतं.

मुकुंदवाडीत पेपर फिरला. लोक मला विचारायला आले, कडूबाई, हे कुणाचं छापलंय, फोटो तर भाऊंचा दिसतो. मी काय सांगू? म्हणलं, छापखान्याची चूक हाय. हे शेवटचं खोटं, तुझ्यासाठी बोललेलं. इथून पुढं मी बोलणार नाय.

तू अजिनाथजवळ निरोप धाडलास, तो मिळाला. पुंडलिकनगरच्या हॉलात शोकसभा घेतो, राख माझ्याकडं दे, आन् आई, लोकांनी विचारलं तर हार्ट ॲटॅकच सांग, बॉर्डरचं काढू नको, उगाच चर्चा होती. आन् आता एकटी राहू नको, आमच्याकडं ये, मागची खोली रिकामी हाय.

शोकसभा घे. हॉल तुझा, खुर्च्या तुझ्या. ज्या देवगावकरासाठी घेणार त्याची राख माझ्याजवळ नाय. माझ्याजवळ हिवराळ्याची हाय, ती मी देणार नाय. शनिवारी इथं विहारात जलदान हाय. भंतेजींना सांगितलंय. लोक विचारतील कसा गेला, तेव्हा मी सांगणार हाय: पाण्याचे कॅन पेट्रोलचे समजून ओढले म्हून गेला, आन् न्यायला पोरगं आलं नाय म्हून गेला. दोन्ही सांगणार. चर्चा व्हायची ती होऊ दे. बेइज्जती माझी बी हाय त्यात, पोरगं माझंच हाय.

मागच्या खोलीचं म्हणशील तर, तुझ्या बिल्डिंगीत मला कोण म्हून ठेवणार? शेतात कामाला होती म्हून?

तू आलास शनिवारी तर कुणी आडवणार नाय. बसायला सतरंजी हाय. पण मी वाट बघत नाय. वाट बघणारा गेला.

रूपा सरूबाईच्या सुनंला म्हणली म्हणं, की अक्षदानं आजोबाचं विचारलं तर तिला सांगितलं, वय झालं होतं. पोरगी आठवीत हाय. तिला नकाशात नेपाळ दाखवता येतं, तिला हे बी समजंल. तिच्याजवळ हे पत्र दे. सगळी चारी पत्रं दे, पहिल्यापासून. तू दिली नाय तर मी पुन्हा लिहून काढीन आन् शाळेच्या फाटकात उभी राहून देईन, आन् तिथं मला कुणी कामवाली म्हणलं तरी मी हलणार नाय.

या पत्राला उत्तर तू द्यायचं नाय. रूपानं द्यायचं नाय. अजिनाथला मधी घालायचं नाय. उत्तर अक्षदानं लिहायचं, तिच्या हातानं, तुम्हा दोघांना न विचारता: तिच्या आजोबाचं पुरं नाव काय होतं, आन् तो कशानं मेला. एवढं दोनच ओळी. खाली तिनं स्वतःचं नाव लिहावं, जे तिला लिहावंसं वाटंल ते.

कडूबाई मुंजाबा हिवराळे